शेंदरी साय

"अहो बाई, हे कुठं टाकताय?" मत्स्य खात्याच्या तपासनीस बाई एवढ्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातली खरवडणीच पडायची राहिली.

"पाण्यात," मी म्हटलं. "पाण्यातलं पाण्यात टाकते. मग काय घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवू?"

समोर बसलेल्या थोरल्या जाऊबाई हसल्या नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर त्यांचं पोट दुखेस्तोवर हसणं चालतं.

आमचा तराफा खाडीच्या मधोमध आहे. त्याच्याखाली कालवांच्या जाळीच्या पेट्या टांगलेल्या असतात. पेट्यांवर एक शेंदरी, चिवट जीव पसरतो. आम्ही त्याला साय म्हणतो. ती जाळीची भोकं बुजवते आणि आतली कालवं उपाशी मरतात. म्हणून पेटी वर ओढायची, खरवडायची, खरवड पाण्यात लोटायची आणि पेटी परत सोडायची. शेवटच्या पेटीपर्यंत पोचावं तर पहिली पुन्हा शेंदरी झालेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं तसं तीस वर्षं करत आलेय.

अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर थोरल्या दिरांनी एकच सांगितलं होतं, "पेट्या एकदा स्वच्छ झाल्या की तू मोकळी. पुढं लेकीकडे जा, हवं तिथं जा." गेल्या महिन्यात लेकीला मुलगी झाली. तिची नोकरी, सासर दूर. रोज विचारते, "आई, कधी येतेस?" आणि मी रोज तेच सांगते, पेट्या होऊ देत.

तपासनीस बाईंनी सायीचा नखाएवढा तुकडा उचलून दाखवला. "हा मरत नाही. पाण्यात पडला की दुसऱ्या पेटीला चिकटतो आणि तिथं नवी साय धरतो. तुम्ही हिला काढत नाही आहात, पेरताय! खरवड टबात भरा, किनाऱ्यावर नेऊन उन्हात वाळवा. पेट्याही आळीपाळीनं वाळवा. तीन वर्षांत आटोक्यात येईल."

म्हणजे मलाच कोंडायची भिंत मी रोज आपल्या हातानं बांधत होते, तीही राबून, घाम गाळून!

"आणि हे मी दहा वर्षांपूर्वी सांगून गेले होते," बाई जाऊबाईंकडे बघत म्हणाल्या. "तुम्हालाच ना?"

जाऊबाई खाली मान घालून पेटी खरवडत राहिल्या. पेटी केव्हाच स्वच्छ झाली होती.

उरलेली खरवड आम्ही बाईंच्या देखतच कालवांच्या टबात भरली. त्यांची होडी गेल्यावर मी म्हटलं, "जाऊबाई, खरं सांगा. माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"साफ झालं असतं तर तू गेली असतीस." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "घरात तुझे भावजी दिवसदिवस तोंड उघडत नाहीत. इथं निदान तू बडबडतेस. तू गेल्यावर मी या फळ्यांशी बोलू?"

असा संताप आला म्हणून सांगू! दहा वर्षं! हातातली खरवडणी मी फळीवर आपटली. कुणाचं इतकं प्रेम असावं की त्यानं माणसाचा जन्मच दाबून ठेवावा?

"जा तू," त्या म्हणाल्या. "आजच जा. यांना मी बघून घेईन. टब मी नेते."

उठल्या आणि भरलेल्या टबाची कडी धरून तो आमच्या होडीकडे ओढायला लागल्या. सहासष्ट वर्षांची बाई, मनगटं सुजलेली. टब इंचभर हलला नाही. पुन्हा जोर लावला, गुडघ्यावर आपटल्या, तरी कडी सोडेनात. मी हात बांधून बघत राहिले. बघू म्हटलं, किती ओढतात ते.

मनात हिशोब मात्र चालूच होता. तीन वर्षं. तोवर नात धावायला लागेल, बोलायला लागेल. आजीवाचून वाढायची सवय तिला झालेली असेल. मी गेले तरी पाहुणीसारखी जाईन.

जाऊबाई ओढतच होत्या आणि रडत होत्या.

मी दुसरी कडी धरली. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

"धर गं नीट," मी म्हटलं. "सांडशील."