पलीकडे कुणी नसलेला हॅलो

मी 'हॅलो' बोलतोय. मला लिहून घेणारा या घरचा धाकटा मुलगा शाळा लवकर सोडून बसला, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. शब्दही त्याचे साधेच आहेत.

जन्माने मी इंग्रजी, पण आता मला परका कोण म्हणेल? फोन उचलला की मी. आवाज तुटला की मी, तोही तीन-तीनदा. समोरच्याचं लक्ष नसलं की "हॅलो, कुठे हरवलात?" म्हणत टपली मारतो तोही मीच.

या घरात माझा मान मोठा. वडिलांचं लाउडस्पीकरचं दुकान. माइक जोडला की ते आधी मलाच हवेत सोडायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून दुकानात पोचले की ते घरी फोन करत. आई म्हणे, "हॅलो?" पलीकडून रिसीव्हरवर दोन टिचक्या वाजत. म्हणजे पोचलो. "कळलं हो, डबा वेळेवर खा," म्हणून ती फोन ठेवी.

ते गेले. काही दिवसांनी फोन पुन्हा वाजू लागला. आई मला उच्चारी आणि मी तारेतून पलीकडे जाई. तिथे खोली नाही, श्वास नाही, टिचकीही नाही. तरी कुणीतरी मला ऐकून घेतंय असं वाटे, आणि मी गारठून जाई.

आई फोनजवळून हलेना. ताट तिथेच, झोप तिथेच.

"कुणीतरी टवाळखोर असेल," थोरला म्हणाला. "उद्या टेलिफोनचा माणूस येतोय. लाइनच काढून टाकतो."

"आणि मग त्यांनी कुणाला सांगायचं, पोचलो म्हणून?"

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याने उचलला. त्याच्या तोंडून मी कसाबसा बाहेर पडलो. आई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"वाजली टिचकी?"

हो म्हटलं असतं, तर तिचा जीव भांड्यात पडला असता. पण मग ती जन्मभर तिथून उठली नसती.

"नाही, आई."

"तुला मेल्याला नीट ऐकूच येत नाही," म्हणत तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने वडील गेल्यावर पहिल्यांदाच दुकानाचं शटर उघडलं आणि घरी फोन लावला.

"हॅलो?" आईच्या ओठांवरून मी तारेत शिरलो.

"हॅलो, आई. मी पोचलो."

मग ती दाराकडे वळून कुणाला तरी म्हणाली, "थांबा हो जरा, ती पक्कड ठेवा खाली. मुलाचा फोन आहे." आणि त्याला म्हणाली, "बोल. ठेवू नकोस."

धाकट्याने पुन्हा मलाच उच्चारलं.