ला पेद्रेगोसाचा नकाशा

हिमेना आमच्या शाळेत आली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मानिसालेस शहरातून, तीन महिने बिनपगारी शिकवायला. बावीस वर्षांची पोर. ला पेद्रेगोसाची शाळा म्हणजे एकच खोली, एकवीस मुलं आणि सोळा वर्षं त्याच खोलीत शिकवणारी मी.

"बाई, फळ्यावरचं उतरवून घेऊन मुलं काही शिकत नाहीत," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मला राग आला नाही. खरंच होतं ते.

तिनं कॉफीची रिकामी पोती उसवून एकमेकांना शिवली, मुलांकडून माती, कोळसा, बीट आणवलं आणि भिंतभर गावाचा नकाशा करायला घेतला. घरं काडेपेट्यांची. ज्यानं त्यानं आपलं घर रंगवून चिकटवायचं. मुलं सकाळी घंटेच्या आधी येऊन बसायला लागली.

चौथ्या दिवशी त्यांनी डोंगराकडची एक पायवाट बिटाच्या रसानं लाल केली.

"ही लाल का रे?" हिमेनानं विचारलं.

"तिथनं जायचं नसतं," आठ वर्षांची युलिसा म्हणाली.

"का गं?"

"वरच्यांची आहे ती."

वरचे म्हणजे कोण, हे तिला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे ते बोलून दाखवत नाहीत. शाळा सुटल्यावर मी तिला म्हटलं, "हे उतरव. गुंडाळून माझ्या घरी ठेवू."

"रविवारी पालक बघायला येणार आहेत, बाई. चार दिवसांचा तर प्रश्न. मुलं किती खुशीत आहेत, बघताय ना?"

बघत होते, म्हणूनच गप्प बसले. ती माझी चूक.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दहाच्या सुमारास डोंगरावरून इंजिनिअर आला. सगळे त्याला इंजिनिअर म्हणतात. त्यानं काही बांधलेलं कुणी पाहिलेलं नाही. बरोबरची दोन बंदूकवाली माणसं दाराशीच थांबली. मी त्याला गुळाचं गरम पाणी दिलं. वर्गातल्या पेन्सिली थांबल्या होत्या.

"छान झालंय. कुणी केलं?"

हिमेना हसत पुढे झाली. मी मध्येच म्हटलं, "मी करून घेतलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. लाल वाटेवरून सावकाश बोट फिरवलं. "वाट अगदी बरोबर. शहाणी आहेत पोरं." मग झऱ्याजवळची एक काडेपेटी नखानं उचकटली. "हे कुणाचं घर?"

मग युलिसा उभी राहिली, उत्तर येत असलं की राहायची तशी. "आमचं."

"इथे नाही ते, बाळ. चुकलं तुझं."

काडेपेटी त्यानं शर्टाच्या खिशात टाकली. राहिलेलं पाणी संपवलं, पेला बाकावर ठेवला. "रविवारी येतो. पालक येणार आहेत म्हणे."

मी दुपारीच युलिसाच्या बापाकडे, आर्सेसियोकडे गेले. झऱ्याजवळची जमीन वरच्यांना देणार नाही, असं जूनमध्ये तो भर सभेत उभा राहून बोलला होता.

"एक काडेपेटी उचलली म्हणून घर सोडू? पंधरा दिवसांत तोडणी आहे, बाई."

"एवढ्या घरांतून त्यानं नेमकं तुझंच उचललं, आर्सेसियो. आणि पोरीचं नावही विचारलं नाही; त्याला आधीच ठाऊक होतं."

तो कॉफीच्या झाडांकडे बघत राहिला. त्याची बायको फान्नी उठली. अंगणात जाऊन ती कोंबड्यांचे पाय बांधायला लागली.

शनिवारी सकाळी दुधाच्या गाडीतून ते गेले. हिमेनाही त्यांच्याबरोबर चढली. युलिसाला मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "बाई, माझ्यामुळे झालं का हे?"

नाही म्हणायला हवं होतं. "नीट धरून बस," एवढंच मला बोलता आलं.

रविवारी पालक आले आणि भिंतीपासून लांब बसले. इंजिनिअरनं नकाशावरची झऱ्याजवळची रिकामी जागा पाहिली. "आता बरोबर आहे." मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. "बाई, आता नदीपलीकडचा करून घ्या. या पोरांचे मामा, मावश्या तिकडेच असतात ना? घरं, वाटा, कोण कुठे राहतं. नावांसकट."

"कागद नाही शाळेत," मी म्हटलं.

"कागदाचं मी बघतो."

मंगळवारी शाळेच्या दारात जाड कागदाची गुंडाळी आणि रंगांच्या सहा पेट्या होत्या. असे रंग आमच्या मुलांनी कधी पाहिले नव्हते.

आर्सेसियो आता पोपायान शहरात लॉऱ्या धुतो. त्याच्या घरात अनोळखी माणसं राहतात. मी बदलीचा अर्ज दोनदा केला; उत्तर नाही. पेट्या कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, पण मुलांनी त्या पाहिल्यात. रोज विचारतात, "बाई, नदीपलीकडचं कधी करायचं? आम्हाला सगळी घरं माहितीयत."

मी त्यांना पाढे म्हणायला लावते. इंजिनिअर येत्या शुक्रवारी येणार आहे.