सात पायांचा व्हॉल्व

“झाला का जी आमचा रेडू?” डोमाजीनं दुकानाच्या पायरीखालूनच विचारलं.

रेडिओ चंद्रभानच्या पाठीमागं फळीवरच होता. आतली एक तार सुटली होती, ती कथलाचा डाग देऊन बसवायला त्याला दहा मिनिटंही लागली नव्हती. सकाळी लावून पाहिला तेव्हा खणखणीत बोललाही होता. पण तासाभरापूर्वी त्यातला एक व्हॉल्व चंद्रभाननं काढून उत्तमरावांच्या सेटमध्ये बसवला होता.

उत्तमरावांकडे गुरुवारी मुलीचं साक्षगंध होतं. पाहुण्यांना गाणी ऐकवायची होती आणि त्यांच्या बॅटरीच्या सेटचा व्हॉल्व नेमका गेला होता. अमरावतीत तसला दुसरा मिळेना. नागपूरहून पार्सल यायला शनिवार उजाडेल, असं चंद्रभाननं सांगितलं, तसं उत्तमरावांनी फळीकडे बोट केलं होतं.

“हा कोनाचा हाय?”

चंद्रभाननं डोमाजीच्या वस्तीचं नाव सांगितलं.

“मंग त्यायले कायची घाई हाय?”

चंद्रभाननं फळीवरचा सेट खाली घेतला होता. बोटाएवढा काचेचा व्हॉल्व, त्याला सात पाय. पायांमधली मोकळी जागा खोबणीतल्या मोकळ्या जागेसमोर आणायची आणि अंगठ्यानं सरळ दाबायचं. जरा तिरपं झालं तर पाय वाकतो. चंद्रभानचा हात या कामात पक्का होता. एका दमात त्यानं तो बसवून दिला होता.

“नाही झाला अजून,” तो डोमाजीला म्हणाला. “शनिवारी या.”

“शनवारी तं शनवारी,” डोमाजी म्हणाला. “वस्तीतले लोक रोज इचारून राह्यले, म्हनून आलो.” रेल्वेच्या गँगमध्ये उभा जन्म काढलेला, साठीचा माणूस तो. ऑक्टोबरात नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर सगळ्या वस्तीनं मिळून हा जुना सेट घेतला होता. तो डोमाजीच्या ओट्यावर असायचा आणि संध्याकाळी बातम्यांना सगळे जमायचे. हे चंद्रभानला ठाऊक होतं; त्यानंच तर तो बसवून दिला होता.

हा मंगळवार होता. गुरुवारी दुपारी दुकानातल्या रेडिओवर बातमी आली. बाबासाहेबांचं दिल्लीत निधन झालं. त्यांना मुंबईला आणणार होते.

गल्लीत बघता बघता माणसं जमली. कोणी म्हणालं, आवाज वाढवा. एक म्हातारा पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागला. लोक मुंबईच्या गाडीबद्दल बोलू लागले. संध्याकाळी बडनेऱ्याला गाडी धरली तर सकाळी मुंबई. चंद्रभानच्या मनात पहिला डोमाजी आला. त्याच्या वस्तीत आज रेडिओ नव्हता.

बडनेऱ्यापलीकडे डोमाजीच्या वस्तीवरून जाणारी नांदगाव खंडेश्वरची मोटार दोन वाजता सुटायची. त्या मोटारीनं गेलं असतं तर निरोप वेळेत पोचला असता. चंद्रभाननं शर्ट चढवला, दुकानाची एक फळी लावलीही. मग वाटलं, कळलं असेल कोणाकडून. आणि डोमाजीनं विचारलं, रेडू कुठं हाय, तर सांगायचं काय? त्यानं फळी परत काढली. दोन वाजता चौकातून मोटारीचा भोंगा ऐकू आला, तेव्हा तो मान खाली घालून डाग देत बसला होता.

शुक्रवारी सकाळी नागपूरचं पार्सल आलं. शनिवारी येणार होतं, ते एक दिवस आधीच. चंद्रभाननं तिथल्या तिथं व्हॉल्व बसवला, रेडिओ चादरीत गुंडाळला आणि दोनची मोटार धरली.

वस्तीत चूल पेटलेली दिसत नव्हती. डोमाजीच्या ओट्यावर बायाबापड्या नुसत्या बसून होत्या. डोमाजीनं रेडिओ पाहिला आणि सरकून जागा केली.

“काल दिवस बुडता परतीच्या मोटारवाल्यानं सांगतलं,” तो म्हणाला. “चाळीस जन बडनेऱ्याले पळत गेलो. टेसनावर पाय ठेवला अन् गाडीचा मागचा दिवा दिसला.”

चंद्रभाननं बॅटरी जोडली. संध्याकाळच्या बातम्या लागल्या. मुंबईचे रस्ते माणसांनी भरून गेल्याचं सांगत होते. ओट्यावर कोणी हुंदकासुद्धा काढला नाही; एखादा शब्द सुटेल म्हणून सगळे श्वास धरून ऐकत होते. बातम्या संपल्या तेव्हा डोमाजीच्या बायकोनं, पंचफुलानं, पदर तोंडाला लावला.

“हा काल असता तं...” ती म्हणाली. मग चंद्रभानकडे वळली. “पन तुमी तरी काय करान, भाऊ? जंतरच ते. बिघडते.”

चंद्रभानला तेवढं सोसलं नाही.

“बिघडला नव्हता, बाई. मंगळवारीच झाला होता. यातला व्हॉल्व काढून मी दुसऱ्याला दिला. अन् काकाजीला खोटं सांगितलं.”

डोमाजीचा पुतण्या देवमन भिंतीला टेकून होता. तो सरळ झाला. “काल तुमाले कवा समजलं?”

“दुपारी.”

“दोनची मोटार व्हती.”

“होती.”

“मंग सांगाले कावून नाई आले?”

चंद्रभाननं हात जोडले, पण ते कोणाकडे करावे ते त्याला कळेना.

“बस, देवमन,” डोमाजी म्हणाला. त्या आवाजात माफी नव्हती, रागही नव्हता. फार थकलेला आवाज होता तो.

चंद्रभान उठला. परतीची मोटार निघून गेली होती. बडनेऱ्यापर्यंत चालतच जावं लागणार होतं. तो ओट्याखाली उतरला, तशी पंचफुला आतून एक गाठोडं घेऊन आली. तिनं गाठ सोडली. आत ज्वारीच्या भाकरींची चवड होती, वर तिखटाचा गोळा. काल घाईघाईनं थापलेल्या, मुंबईच्या वाटेसाठी.

“उपाशी कुटी जाता,” ती म्हणाली. मग जराशी थांबली. “तुमाले चालन का आमच्या घरचं?”

चंद्रभाननं दोन्ही हात पुढं केले. भाकर कडक झाली होती. तो तिथंच, ओट्याच्या कडेला बसला आणि तुकडा मोडून चावू लागला. डोमाजीनं पाण्याचा लोटा त्याच्याकडे सरकवला.