रूपरावचा फोटो खाली आला

सकाळी पुलगाववरून रूपरावचा फोन आला, तवापासून रक्षाचा जीव थाऱ्यावर नव्हता. रूपराव सामूहिक विवाह समितीचे कोषाध्यक्ष, अन् लग्नाचा हॉलही त्यायचाच. ते रक्षाच्या सासऱ्याले, प्रभाकररावले, म्हणाले, "वेबसाइटवर मले तुमच्या पायाखाली टाकलं. मंग हॉलबी दुसरा पाहा."

लग्न तोंडावर आलेलं. समितीची वेबसाइट नागपूरवाल्याले द्याचं चाललं होतं, पण अध्यक्ष प्रभाकररावनं बैठकीत छाती ठोकली, आमची सून करते. रक्षानं बोरगाव मेघेच्या घरी बसून केली. पहिल्या पानावर मानापरमानं तीन फोटो एका रांगेत: अध्यक्ष, मधात सचिव कमलाबाई, शेवटी रूपराव.

"फोटोले रकान्याचं टेबल टाक म्हणलं होतं तुले," नवरा स्वप्निल म्हणाला. "टेबलात कोणी हालत नाई."

रक्षानं फोटो फ्लोट केले होते. त्याच्यात फोटोचे डबे एकाले एक लागून उभे राहतात, जागा सरली का शेवटचा खालच्या रांगेत जाते. घरच्या नव्या रुंद मॉनिटरवर तिघं मावले. रूपरावचा मॉनिटर जुना, अरुंद, डब्बेवाला. तिथं रूपराव सरळ प्रभाकररावच्या खाली गेले.

तिनं टेबल टाकलं. चहा ओठाले लावत नाई तं पुन्हा फोन.

"आता तं मी दिसतच नाई. घराबाहेरच काढलं का?"

टेबल हाललं नव्हतं, पण पडद्यात मावलंही नव्हतं. रूपराव उजवीकडं, पडद्याच्या बाहेर. खालची पट्टी ओढल्याबिगर दिसत नाईत.

"बाबा, मीच जातो पुलगावले," रक्षा म्हणाली.

सासरे खुर्चीतून उठले अन् पुन्हा बसले.

जीपमधी मागच्या बाकावर पहिलेच दाटी. ड्रायव्हर ओरडला, "सरका जरा, बाई बसून राह्यली." कोणी उठलं नाई, कोणी उतरलं नाई. साऱ्यायनं थोडं थोडं आंग चोरलं, अन् रक्षा मावली. ती बसली तं खरी, पण बोटं मांडीवर चालूच. फोटोच्या डब्याले ठरलेलं मापच काऊन द्याचं? पडद्याचा हिस्सा द्याचा. पडदा आखडला का सारे आखडतीन.

रूपरावच्या घरी मशीनसमोर बसली. टेबल काढलं, फ्लोट पुन्हा घातला, तिघायले तेहतीस-तेहतीस टक्के देल्ले. पान उघडलं. रूपराव पुन्हा खाली.

मागं उभे रूपराव बशीत चहा ओतून राह्यले होते. ओतता ओतता थांबले.

"हे मुद्दाम चाललं का, पोरी?"

"नाई काका. थांबा." तिच्या कानशिलावरून घाम निंगाला. हिशेब तं बरोबर होता. मंग तिचं ध्यान फोटोभोवतीच्या सोनेरी चौकटीवर गेलं. हौसेनं तिनंच काढलेली. चौकटीची जाडी त्या तेहतीस टक्क्याच्या वरून येगळी लागत होती. तिनं तिघायचे टक्के तीस केले.

तिघं एका रांगेत आले.

रूपरावनं चष्मा पुसला. "बारीक झालो मी."

"सारेच झाले."

"प्रभाकरराव?"

"बाबाही."

त्यायनं वाकून दोन्ही फोटोवर बोट ठेवून पाह्यलं, पहिले प्रभाकररावच्या, मंग आपल्या. "बराबर आहे. हॉल तुमचाच, सांग त्यायले."

रक्षा उठाले लागली तं रूपरावनं खिशातून मोबाइल काढला. "याच्यात बी नेट येते म्हणतात. दाखव."

तेवढ्याशा काचेवर तिघं मसूरच्या दाण्यावाणी दिसले, ना कोणाची मिशी दिसे ना कोणाचं कुकू. इथं एकाखाली एक घेतल्याबिगर गत नव्हती. रक्षा काही बोलायच्या आत रूपरावनं ते ओळखलं. बशी टेबलावर ठेवली.

"मंग वर कोण?"

तिचा स्वतःचा फोन वाजला. सासरे होते. "काय झालं, बेटा?"

"हॉल भेटला, बाबा," रक्षा म्हणाली. "पण मोबाइलवर वर कोण राहीन, तेवढं तुम्ही दोघं बोलून घ्या." अन् फोन रूपरावच्या हाती देऊन चपला शोधाले लागली.