मोऱ्याहून करंज्याला, न वळता

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात म्हणून हसू नका. अख्खं उरण बेट, मोरा बंदरापासून करंज्याच्या धक्क्यापर्यंत, मी दोन माणसं घेऊन पार केलंय. तेही एक मोठं गुपित पोटात ठेवून!

मला मुंबईहून आणलं करंज्याच्या धर्मानं. तो मिठागरात कामाला. सायकल शिकला तो मिठागराच्या बांधावर. बांध अरुंद, दोरी लावून आखल्यासारखा सरळ, दोन्ही अंगांना खारं पाणी. त्यामुळं धर्मा सुसाट जायला शिकला, वळायला काही शिकला नाही. बांध संपला की उतरायचा, मला उचलून माझं तोंड फिरवायचा आणि पुन्हा टांग मारायचा. लोक म्हणायचे, "केवढा जपतो सायकलीला!" जपायचाही. रोज पुसायचा, तेल द्यायचा. मीही गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

छप्पन साली त्याच्या बहिणीचं, गोदूचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नात धवलारीण लागते. तिनं धवल्याची गाणी म्हटल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. आणि गावच्या धवलारणीचा ऐन लग्नादिवशी आवाज बसला! मुहूर्त गोरज. नवऱ्या मुलाची आई केसर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "धवला न्हाय तर लगीन न्हाय. आमी वऱ्हाड घेऊन परत जातो."

गोदूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धर्माला ते बघवेना. "मोऱ्याच्या धवलारनीला, सोनूबाईला आनतो," तो म्हणाला. "सायकल हाय ना!"

लोखंडाला घाम फुटत असता तर मला तेव्हाच फुटला असता.

जाताना तो एकटा होता, वळण आलं की मला उचलून फिरवी. येताना मागं सोनूबाई होती. साठीची, चांगली धिप्पाड. पहिल्या वळणावर धर्मा म्हणाला, "आत्या, जरा उतर." ती उतरली. दुसऱ्या वळणावर तेच, तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर मात्र ती हलेचना.

"काय रं मेल्या, दर वळनावर माजी वरात काय काढतोस?"

धर्मानं मान खाली घातली. "आत्या, मला वळता येत न्हाय."

सोनूबाई इतकी हसली की माझं कॅरिअर कुरकुरलं. मग तिनं सूर्याकडं पाहिलं. तो पार खाली आला होता.

"मी बैल हाकल्यात. ज्या खांद्यावर थाप पडंल त्या अंगाला वळ. आनि धवला मी हितंच धरते. एकदा धरला की मदी सोडायची न्हाय."

तिनं गाणं सुरू केलं. उजवी थाप, डावी थाप! एकदा आम्ही कुंपणात घुसलो. काटे लागले, पण बाईनं सूर सोडला नाही. हळूहळू धर्माचे हात मोकळे झाले आणि माझं हँडल पहिल्यांदाच मनासारखं फिरलं. काय सांगू, मला फार बरं वाटलं.

शेवटी करंज्याचा उतार लागला. समोर थेट धक्का आणि खाडी, मांडव उजवीकडं. आणि सोनूबाई देवांची नावं घेता घेता डोळे मिटून रंगून गेलेली! थाप काही पडेना. खाडी जवळ आली. मी म्हटलं, आता धवला बोंबलांनाच ऐकवायचा.

धर्मानं दात आवळले आणि आपणहून वळला.

वळला, पण थांबायचं राहिलं. आम्ही थेट मांडवात! केसरच्या लुगड्यात माझं पुढचं चाक अडकलं तेव्हा कुठं थांबलो. ती ओरडायला गेली, पण धवला चालू असताना मधे कोण बोलणार? वरमाईनं निमूट तोंड मिटलं आणि गोदूवर अक्षता पडल्या.

पुढं एस. टी. सुरू झाली. मला खुराड्याशेजारी टेकवलं ती टेकवलीच. काल गोदू माहेरी आली. आज सकाळी लेकीला सायकल शिकवायची म्हणाली. धर्मानं मला बाहेर काढलं, पण गंजलेलं हँडल हलेना. त्यानं मला उचललं, तोंड फिरवून ठेवलं आणि ओशाळून म्हणाला, "हिला वळता येत न्हाय गं."

गोदू आधी पोट धरून हसली. मग तिनं माझ्या सीटवरून हात फिरवला. "दादा, तुला वळता येत नव्हतं ते मला सोनूबाईनं सांगितलं, पन हिनं कुनाला सांगितलं का? तेल आन आधी."

मित्रांनो, तुमच्याही परसात कुणी गप्प उभं असेल. त्याला थेंबभर तेल द्या. खोबऱ्याचंही चालेल.

धर्मा बाटली शोधायला घरात गेलाय. कोंबड्यांनो, पुन्हा येऊन बसलात? उठा आता!