डबल बेल

सातारा डेपोची कंडक्टर म्हणून मी उभी हयात एसटीत काढली. दारू पिऊन चढलेले पैलवान भर घाटात उतरवलेत. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घरीही तेच. माझी लेक कौमुदी शाळेला निघताना रेंगाळली की मी दाराची कडी दोनदा वाजवायचे.

म्हणून जावयाने, क्षितिजने, "आई, इथे चेन्नईत एकट्या बाहेर पडू नका, तमिळशिवाय अडचण होते," असं सांगितलं तेव्हा मला हसू आलं. पण लेकीच्या बाळंतपणाला आल्यापासून त्यांच्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमधून मी खरंच एकटी खाली उतरले नाही. पाट्या वाचता येईनात, कुणी बोललं तर तोंडाला कुलूप. मी घाबरले होते आणि त्याचा मलाच राग येत होता.

त्या सकाळी हॉस्पिटलमधून कौमुदीचा फोन आला. सिझेरियन उद्याचं होतं, ते आजच करायचं ठरलं. क्षितिज श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, त्याला यायला दुपार होणार. "आई, मला आत नेताना तू हवीस गं," म्हणाली आणि रडायला लागली.

मी चप्पल सरकवली. हॉस्पिटल ज्या भागात होतं त्याचं नाव, नुसतं "अड्यार", वॉचमन चंद्रमौळीला म्हटलं, त्याने समोरचा स्टॉप दाखवला. आलेल्या बसच्या दारातूनही तेच विचारलं. माना हलल्या, मी चढले.

आत उभी राहून कंडक्टरची वाट बघू लागले. तो येईचना. महाशय मागच्या सीटवर ठाण मांडून होते आणि लोकच पैसे हातोहात त्याच्याकडे पोचवत होते. आयुष्यभर मी गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडली, आणि हा बघा. मी मनातल्या मनात त्याची चांगली हजेरी घेतली. मी नोट काढली तर शेजारच्या बाईने ती परत माझ्या मुठीत कोंबली आणि बायकांचं फुकट तिकीट मागवून दिलं.

मग कंडक्टरची शिट्टी ऐकू आली. एक. बस थांबली. दोन. बस निघाली. इथे घंटीची दोरी नव्हती, पण हे बोलणं मला पाठ होतं.

कौमुदीला दाखल करताना पाहिलेलं हॉस्पिटल खिडकीत दिसलं. एक शिट्टी झाली, मी दाराकडे घुसले आणि गर्दीत अडकले. तेवढ्यात दोन शिट्ट्या. बस हलली. ओरडायचं तर कुठल्या भाषेत? मी हात लांब करून बसच्या पत्र्यावर एक सणसणीत थाप मारली, दोरी तुटली की आम्ही मारायचो तशी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

कंडक्टर उठून तावातावाने तमिळमध्ये बोलू लागला. मी खांद्याला नसलेली पिशवी पुढे ओढली आणि हवेत तिकीट पंच करून दाखवलं. तो बघतच राहिला. मग हसला आणि त्याने चक्क सलाम ठोकला. मी खाली पाय ठेवल्यावरच त्याने दोन शिट्ट्या मारल्या.

कौमुदीला स्ट्रेचरवर घेतलं होतं.

"तुला कुणी आणलं?"

"बसने आले. एकटी."

तिला पटेना. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, तरी तिने माझा हात घट्ट धरलेला. "आई, मला भीती वाटतेय."

"मलाही वाटत होती," मी म्हणाले आणि स्ट्रेचरच्या दांडीवर दोनदा टिचकी मारली.

ती ओल्या डोळ्यांनी हसली आणि तिने माझा हात सोडला.