उजवा गुडघा

रेघ दहा सेंटिमीटरची असायला हवी होती. सिस्टरांनी पट्टी लावून मोजली, तर ती नऊ पूर्णांक चार भरली.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत दुखणं मोजायचा फॉर्म आकसत गेला होता. रेघेच्या डाव्या टोकाला लिहिलेलं असे, ‘अजिबात दुखत नाही’ आणि उजव्या टोकाला, ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. रुग्णाने मधे कुठेतरी आपली खूण करायची आणि सिस्टरांनी डावीकडून ती मिलिमीटरमध्ये मोजायची. म्हणजे गेल्या आठवड्यात सगळ्या विभागाचं दुखणं सहा टक्क्यांनी कमी झालं होतं, आणि त्यावर त्यांच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना चहा पाजला होता.

सिस्टर गालात हसल्या. पंचवीस फॉर्म पुढे ओढून त्या एकेक रेघ पेन्सिलीने सहा मिलिमीटर वाढवत बसल्या.

“आधीच काय कमी दुखतंय, म्हणून वाढवून ठेवताय?” समोरच्या खुर्चीत कंबर सांभाळत बसता बसता बाई म्हणाल्या. बाई म्हणजे शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून दोनदा पाठ शेकायला येत.

“खूण करा, बाई.”

“करते. आधी हा इंग्रजी मथळा बघा. पेन स्केल, म्हणजे वेदनेची पट्टी. तुम्ही खाली रकान्यात काय काय लिहिता? ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस. माझ्यासाठी मागच्या खेपेला लिहिलंत, आत कोणीतरी स्क्रू पिळतंय. आणि वर सगळ्यांना एकच गणवेश, पेन.”

“छापून येतं तसंच. मी काय करू?”

“करू नका काही. शब्द तसा मोठ्या घराण्यातला आहे. ती फुटबॉलमधली पेनल्टी आहे ना, तिची ही चुलत बहीण. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिक्षा. फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे आला तेव्हाही पेन म्हणजे शिक्षाच होती. मग शिक्षेत जे सोसावं लागतं ते पेन. पुढे शिक्षा विसरून गेले लोक, नुसतं सोसणं उरलं.”

“चांगलंय. म्हणजे तुमच्या कमरेनं गुन्हा केलाय.”

“कमरेनं नाही, मी. बत्तीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, त्याचं असेल.”

सिस्टर शेकण्याची पिशवी आणायला उठल्या. उपचारांची खोली तीन पायऱ्या खाली होती. पहिल्या पायरीपाशी त्यांनी पाठ फिरवली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उलट्या उतरू लागल्या. एक पाय, मग दुसरा त्याच्या शेजारी.

बाईंनी मान वळवून पाहिलं. “हे काय, रिव्हर्स गिअर?”

“सवय आहे.”

“अशी सवय कोणाला असते?”

“आईला होती,” सिस्टर खालून म्हणाल्या. पिशवी घेऊन त्या वर आल्या. ती बाईंच्या पाठीशी नीट लावली, पट्टा बांधला, घड्याळात वीस मिनिटं लावली. मग खुर्चीत बसून उजवा पाय समोर लांब केला.

“आईचे गुडघे गेले होते. एकदा म्हणाली, अगं, करून टाकू का ऑपरेशन? मी म्हटलं, माझ्या मुलीची परीक्षा होऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिच्या हृदयाचं निघालं. भूल द्यायला कोणी तयार होईना. मग जाईपर्यंत सहा वर्षं जिना अशीच उतरली. म्हणायची, बरंय, खाली काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही.”

बाई हसल्या. सिस्टरही हसल्या.

“आणि तुमचा?”

“उजवा. सात वर्षं झाली. वरचे हाडांचे सर्जन चार वर्षं ऑपरेशनसाठी मागे लागलेत. आता म्हणतात, थांबलात तर डावाही जाईल. या महिनाअखेर ते गाव सोडून चाललेत. त्यांची शेवटची यादी आज बारा वाजता बंद होते.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

“मग अडलंय कुठे?”

सिस्टरांनी पेन्सिल उचलून पुन्हा खाली ठेवली. “दुखायला लागलं तेव्हा वाटलं, ठीक आहे, आता माझी पाळी. तिला मिळालं नाही ते मी कसं घेऊ?”

“ही शिक्षा सुनावली कोणी? आईनं?”

“ती कशाला सुनावतेय. मी ड्युटीवरून आले की मलाच म्हणायची, पाय वर घेऊन बस.”

“म्हणजे आरोपी तुम्ही, न्यायाधीश तुम्ही आणि जेलरही तुम्हीच. एका पगारात फार पदं झाली, सिस्टर.”

सिस्टरांना हसू आवरेना. बाई मात्र वर्गात फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्या सरसावल्या.

“अजून एक राहिलं सांगायचं. लॅटिनच्याही मागे ग्रीक शब्द आहे. एखाद्यानं कोणाचा जीव घेतला, तर मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची, तिला म्हणायचे तो शब्द. आणि ती एकदा दिली की प्रकरण मिटलं. त्या घरच्यांनी पुन्हा दाराशी यायचं नाही. आईनं किती वर्षं काढली म्हणालात?”

“सहा.”

“तुम्ही सात. वर एक वर्ष जादा भरलंत.” बाईंनी कोरा फॉर्म सिस्टरांपुढे सरकवला. “करा खूण.”

“मी कशाला?”

“बाकावर उभी करीन.”

इतक्या वर्षांत हजारो खुणा मोजणाऱ्या सिस्टरांनी स्वतःची एकही केली नव्हती. त्यांनी पेन्सिल रेघेवर टेकवली, थोडी डावीकडे नेली, थांबल्या, आणि मग बरीच उजवीकडे आणली. सवयीने पट्टी लावली. अठ्ठ्याहत्तर.

बाईंनी आपल्या फॉर्मवर खूण केली आणि स्वतःच मोजली. “एकेचाळीस. मी उगाच भाव खात होते इतके दिवस.”

दार ढकलून सर्जन आत आले. पांढरे केस, हातात टाचलेली यादी.

“सिस्टर, एक जागा उरलीय. विचारायचं म्हणून विचारतो. ‘बघू’, नेहमीचंच ना?” उत्तर ठाऊक असल्यासारखे ते दाराकडे वळलेसुद्धा.

सिस्टर टेबलाला धरून उभ्या राहिल्या. नवीन रुग्णाची माहिती सांगताना लागे तसा त्यांचा आवाज सपाट आणि स्पष्ट लागला.

“लिहून घ्या, डॉक्टर. वय सत्तावन्न. उजवा गुडघा. मी करून घेणार आहे.”